धोंडीबा तात्यांची गुरुवारची तारीख

ताथवडे,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

प्रिय आदी,

हे पत्र तेजलच्या हातात देतेय. ती माहेरी आलीय ते घर माझ्या कॉलेजपासून दहा मिनिटांवर आहे, आणि संध्याकाळपर्यंत ती गावाकडे पोचेल. तुझी फर्स्ट शिफ्ट आहे, म्हणजे तोवर तू घरी आलेला असशील. मी तुझ्या बायकोला बजावलंय की आधी चहा नाही, आधी पत्र. रविवारपासून तुला एकवीस फोन केले. एक उचललास, त्यावर मला ऐकवायचं ते ऐकवलंस आणि ठेवलास. ठीक आहे. कागदाला फोन कट करता येत नाही, म्हणून हा कागद. मी कॅन्टीनच्या मागच्या टेबलावर बसून लिहितेय, दुपारचे बारा वाजलेत, समोर चहा गार होतोय, घाईत लिहितेय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

पहिली गोष्ट पहिली. आपल्या धोंडीबा तात्यांना उद्या, बुधवारी सकाळी आठला हॉस्पिटलात दाखल व्हायचंय, आणि परवा गुरुवारी त्यांचं ऑपरेशन आहे. ते जाणार नाही म्हणतात. तू त्यांना म्हणतोस, घाई करू नका, आबांना गुण आला तसा तुम्हालाही येईल. अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ही तारीख मिळायला सहा आठवडे लागले. ती हुकली तर पुढची कधी, हे कुणी सांगत नाही. आणि तात्यांच्या आतड्याकडे तेवढा वेळ नाही. या पत्रात पुढे मी काय काय लिहीन, तुला राग येईल, रडायलाही येईल, पण हे सगळं त्या एकाच गोष्टीसाठी लिहितेय. तात्या उद्या सकाळी गाडीत बसले पाहिजेत.

रविवारी तेजल सहज बोलून गेली, नाहीतर मला कळलंही नसतं. म्हणाली, ताई, तुमच्या कॅप्सूल तात्यांनाही लागू पडल्या बरं का, रक्त जायचं थांबलं. मी विचारलं, कुठल्या कॅप्सूल. तेव्हा कळलं की डिसेंबरात मी आबांसाठी चाळीस कॅप्सूल पाठवल्या होत्या, त्यातल्या वीस तू मोजून तात्यांना दिल्यास. अर्ध्या अर्ध्या. आपल्याकडे शेतातली पहिली कणसं निघाली तरी अर्धी टोपली भिंतीपलीकडे तात्यांच्या घरात जाते, हे मला ठाऊक आहे. मीच लहानपणी नेऊन दिलीय ती टोपली. तात्या म्हणजे आबांचे चुलतभाऊ, पण आईच्या आजारपणात आपण दोघं चार महिने त्यांच्याच घरात जेवलो, गिरजाकाकूंनी तुझी अंथरुणं धुतली. त्यांच्याशी वाटून खाल्लं नाही असं आपल्या घरात काही नाही. तू त्याच सवयीनं औषध वाटलंस. तुझ्या जागी आपल्या गावातला कुणीही असता तरी त्यानं हेच केलं असतं, म्हणून मी तुला पूर्ण दोष देत नाही. थोडा देते.

फोनवर मी एवढंच म्हणाले की तात्यांना ऑपरेशनला ने. तू म्हणालास, घरच्याला द्यायचं आणि भावकीला नाही, एवढं शिकून हेच शिकलीस का. ते फार लागलं मला. मी काल, सोमवारी, अर्धा दिवस रजा टाकून तात्यांच्या घरी गेले. तुला सांगितलं असेलच कुणीतरी. तू ड्यूटीवर होतास. पडवीत सात-आठ माणसं बसलेली. गिरजाकाकूंनी माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. तात्या भिंतीला टेकून बसले होते, पोटाशी उशी धरून. गाल आत गेलेत त्यांचे. ताटातली अर्धी भाकरी तशीच होती आणि पोट मात्र ताणलेलं. मी विचारलं, शौचाला होतंय का नीट. ते म्हणाले, दोन दिवस न्हाई, पण रगत न्हाई ना आता, मग झालं तर. मी म्हणाले, तात्या, माझं औषध अजून तयार झालेलं नाही, ऑपरेशन करून घ्या. तर ते हसले. म्हणाले, लेकी, तुमा लोकांना असंच बोलावं लागतं, कायदा आसतो, मला कळतंय. आणि बसलेल्या सगळ्यांनी मान डोलावली. मला तिथं विनय दाखवणारी, मोठेपणा न घेणारी गुणी पोरगी ठरवून टाकलं. मी पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलं आणि गिरजाकाकूंनी त्यात गुळाचा खडा घातला. मी तो चघळत बाहेर आले. स्वतःची एवढी लाज मला आयुष्यात वाटली नाही.

आता तात्यांचं दुखणं काय आहे ते नीट वाच, म्हणजे रक्त थांबलं म्हणून पेढे वाटणार नाहीस. वर्षभर ते मूळव्याध समजून बाजारातल्या वैदूचं चूर्ण घेत राहिले. मूळव्याधीत रक्त जातं आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्येही जातं, एवढ्यावर आपल्याकडे माणसं वर्षंच्या वर्षं काढतात, कारण त्या जागेचं बोलायला लाज वाटते. आबांनीही तेच केलं होतं. गाठ आतड्याच्या आत वाढते. कधी तिच्यावरची खपली निघते, रक्त जातं. कधी महिनाभर काहीच नाही. रक्त थांबणं म्हणजे गाठ थांबणं नाही. तात्यांच्या रिपोर्टवर डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलंय की आतड्याची वाट बरीचशी बंद झालीय. ती पूर्ण बंद झाली की पोट फुगतं, उलट्या होतात, आणि मग धावपळीत जे ऑपरेशन करावं लागतं त्यात माणूस हातचा जाऊ शकतो. आज केलं तर गाठ पूर्ण निघेल असं त्यांना वाटतंय. बाहेर कुठे पसरलेली दिसत नाही. आज हे साधं ऑपरेशन आहे, पंधरा दिवसांनी ते साधं राहीलच असं नाही. मी डॉक्टर नाही, पण या एकाच आजाराच्या पेशी मी पाच वर्षं रोज पाहतेय. मला हे तेवढं कळतं.

माझ्या कामाबद्दल तुम्हाला घरात कुणाला नीट सांगितलंच नाही मी, चूक तिथूनच सुरू झाली. तुला आठवतं का, आपल्या ओढ्याला कधी निळसर, कधी विटकरी पाणी यायचं? वरच्या बाजूला कुठलंसं औषधांचं रसायन बनायचं म्हणे. म्हशी त्या पाण्याला तोंड लावत नव्हत्या आणि आपण मात्र पलीकडच्या बांधावर जायला त्यातून चालत जायचो, तुझ्या पायाला फोड यायचे. एम.एस्सी.ला गेल्यावर कळलं की जी गोळी माणसाला वाचवते तिची एक मूठ बनवताना पोतंभर विषारी घाण मागे राहते. ते काही माझ्या पचनी पडलं नाही. एकाच्या आतड्यातली गाठ काढायला दुसऱ्याच्या ओढ्यात विष सोडायचं, हा कुठला न्याय? म्हणून मी पीएच.डी.ला हा विषय घेतला. जे उग्र द्रव वापरून रेणू बनवतात त्यांच्या जागी पाणी आणि साधं अल्कोहोल वापरायचं, उरलंसुरलं पुन्हा कामी येईल असं पाहायचं, आणि रेणू असा बनवायचा की त्यानं आतड्यातल्या कॅन्सरच्या पेशी माराव्यात, शेजारच्या चांगल्या पेशींना हात लावू नये. केमोनं आबांचे हातपाय सोलले होते, बघितलंस ना तू. ते होऊ नये म्हणून. एवढंच माझं काम. ते सगळं काचेच्या नळीत आणि प्लास्टिकच्या ताटलीत चालतं. उंदरापर्यंतही गेलेलं नाही, माणूस तर फार पुढची गोष्ट.

त्या ताटलीला छोटे छोटे शहाण्णव खळगे असतात. काहींत कॅन्सरच्या पेशी, काहींत चांगल्या. वर माझा रेणू घालायचा, दोन दिवस थांबायचं, मग एक पिवळं रसायन टाकायचं. पेशी जिवंत असेल तर त्याचं जांभळं होतं, मेली असेल तर ते फिकं राहतं. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये ताटलीच्या डाव्या बाजूला फिकं आणि उजव्या बाजूला गडद जांभळं आलं. कॅन्सर मेला, चांगलं वाचलं. मी लॅबमध्ये एकटीच होते, स्टुलावर बसून भोकाड पसरलं. त्याच आठवड्यात मी घरी येऊन तुम्हा सगळ्यांना तो फोटो दाखवला होता. आबांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाले, म्हंजी जमलं व्हय. मी म्हणाले, जमतंय आबा. तेवढं वाक्य गावभर गेलं.

आता ऐक पुढचं, जे मी कुणाला सांगितलं नाही. तो रेणू जुन्या पद्धतीनं बनवताना त्यात तांब्याचा क्षार वापरावा लागतो, दोन तुकडे जोडायला. गेल्या ऑक्टोबरात मी तोच रेणू पहिल्यांदा पूर्णपणे माझ्या स्वच्छ पद्धतीनं बनवला, पाण्यात, तांब्याशिवाय. आनंदानं ताटलीवर घातला. दोन दिवसांनी पाहते तर सगळी ताटली जांभळी. डावी बाजू, उजवी बाजू, सगळ्या पेशी ठणठणीत. माझ्या रेणूनं कुणाला काहीच केलं नव्हतं. मग जुना साठा तपासायला दिला, त्यात तांब्याचे कण राहिलेले निघाले. पेशी मारल्या होत्या त्या तांब्यानं, आणि श्रेय मी माझ्या रेणूला दिलं होतं. दीड वर्षं. मी त्याच दिवशी माझ्या गाईड मॅडमच्या केबिनमध्ये गेले, सगळं समोर ठेवलं, दीड वर्षाच्या निकालांवर लाल शाईनं आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. दुसरं काही करावं असं मनातसुद्धा आलं नाही. आमच्या कामाचा तो नियमच आहे. नव्या रेणूवर सुरुवात केलीय, तो कुठवर जाईल मला माहीत नाही. म्हणजे गावात ज्या औषधाची एवढी चर्चा आहे, ते औषध ऑक्टोबरातच संपलं.

मग आबा कशानं बरे झाले, असं तू विचारशील. तेच सांगायचंय, आणि तेच सांगायला मला आठ महिने लागले. गेल्या मे महिन्यात आबांचा रिपोर्ट आला तो दिवस तुझ्यासमोर आहेच. पाच आठवडे रेडिएशन, ज्याला गावात लाईट म्हणतात, सोबत केमोच्या गोळ्या, मग ऑपरेशन आणि तीन महिने शौचासाठी पोटावर पिशवी. पिशवीचं नाव काढल्यावर आबा उठून बाहेर गेले आणि ओट्यावर बसून राहिले. मी लाईट घेणार न्हाई, मला शेतात मरू द्या. तू माझ्या पाया पडलास, ताई, तुझं औषध दे, तू बनवलेलं दे, ते आबा घेतील. आबाही म्हणाले, पोरीनं दिलं तर घेतो. मी नियम सांगितले, ताटलीतलं औषध माणसाला देता येत नाही म्हणून ओरडले, तू भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलंस. तीन दिवस आबांनी जेवण सोडलं होतं. चौथ्या दिवशी मी कॅप्सूल घेऊन आले. अट घातली की माझी कॅप्सूल लाईट घेतल्यावरच चालते, एकही लाईट चुकली तर वाया जाते. आबांनी एकही चुकवली नाही.

आदी, त्या कॅप्सूलमध्ये दुधातली साखर होती. गोळ्यांत भर म्हणून घालतात ती. आमच्या लॅबच्या कपाटातली रिकामी टरफलं घेतली आणि त्यात साखर भरली, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, एकेक करून. माझा रेणू त्यात नव्हता, कणभरही नव्हता. आबांनी जूनमध्ये घेतल्या त्याही साखरेच्या आणि डिसेंबरात परत आजार येईल या भीतीनं मागितल्या म्हणून चाळीस पाठवल्या त्याही साखरेच्या. मला वाटलं, कुणाचं काय बिघडतंय, म्हातारा खुश राहील. त्यातल्या वीस तात्यांच्या पोटात गेल्या आणि त्यांच्या भरवशावर तात्यांनी तारीख सोडायची ठरवली. हे मी केलं. तू वाटल्यास, पण वाटण्याजोगं काहीतरी आहे असं मी तुला भासवलं.

आणि आबांना कुणी वाचवलं ते तुला अजूनही कळलेलं नाही, याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो. पंचवीस दिवस तू सेकंड शिफ्ट मागून घेतलीस. पहाटे साडेपाचला उठून आबांना गाडीवर मागे बसवायचास, आईच्या जुन्या लुगड्यानं स्वतःच्या कमरेला बांधायचास, कारण त्यांना चक्कर यायची. नाशिक रस्त्यावर चाकणपासून मोशीपर्यंत ट्रकांच्या रांगेत तू त्यांना पंचवीस वेळा नेलंस आणि पंचवीस वेळा परत आणून घरात निजवलंस आणि मग आठ तास कंपनीच्या लाईनवर उभा राहिलास. भोसरीच्या चौकात एकदा ते तुझ्या पाठीवर ओकले, तू शर्ट पिळून परत घातलास. ती पिशवी तीन महिने तू धुतलीस, मी दोनदाच धुतली. आबांना त्या लाईटनं, त्या केमोनं, त्या सर्जननं आणि तुझ्या पाठीनं वाचवलं. तांब्यानं मारलेलं माझ्या रेणूच्या नावावर चढलं होतं तसंच तू केलेलं माझ्या कॅप्सूलच्या नावावर चढलं. आणि मी ते चढू दिलं.

सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदनानंतर माझा सत्कार ठेवलात. गेटवर माझा फ्लेक्स, कोट घातलेला, खाली कॅन्सरवर मात करणारी गावची लेक. मला आदल्या दिवशी रात्री कळवलंत, पण ती सबब नाही. माझ्याकडे माइक होता. सरपंचांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली, नारळ दिला, आबा पहिल्या रांगेत फेटा बांधून बसले होते आणि त्यांच्या शेजारी धोंडीबा तात्या. माझ्या रेणूवर लाल रेघ मारून तीन महिने झाले होते. मी उभी राहिले आणि म्हणाले, तुमचा आशीर्वाद असाच राहू द्या. खाली बसले. तात्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याच दिवशी दुपारी, म्हणजे हे मला काल गिरजाकाकूंकडून कळलं, त्यांनी हॉस्पिटलची फाईल माळ्यावर टाकली. कॉलेजात एक निकाल चुकला तर मी एका दिवसात सही करून मोकळी झाले. तिथं मला भीती नव्हती, कारण तिथं कुणी माझा बाप नव्हता. गावात सांगायचं म्हणजे आबांच्या डोळ्यांत बघून सांगायचं होतं की मी तुम्हाला फसवलं. ते जमलं नाही. भित्री आहे तुझी ताई.

आज सकाळी दहाला मी मॅडमना सगळं सांगितलं. कपाटातून घेतलेली टरफलं, साखर, सत्कार, तात्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, समितीपुढे जावं लागेल. पीएच.डी. राहील की जाईल, मला माहीत नाही. पाच वर्षं आहेत त्यात, आणि लग्न पुढे ढकललं म्हणून आबांनी नातेवाइकांचे ऐकलेले बोल आहेत. गेली तर वाईट वाटेल, खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटेल. पण तात्या गेले तर मला या गावाच्या हद्दीत पाय ठेवता येणार नाही आणि तुझ्याकडेही मान वर करून बघता येणार नाही. त्यापुढे बाकीचं काही मोठं नाही. तुझ्यावर माझा राग नाही, आदी. तू फोन ठेवलास त्याचा आहे, तो भेटल्यावर काढीन.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. तुला एकट्याला सांगायचं असतं तर मी कंपनीच्या गेटवर येऊन उभी राहिले असते. पण तू ऐकून घेतलं असतंस आणि माझी अब्रू वाचवायला पोटात ठेवलं असतंस, तात्यांना दुसरं काहीतरी कारण सांगितलं असतंस, आणि त्यांनी तुझंही हसण्यावारी नेलं असतं. मी तोंडानं सांगून पाहिलं, त्याचा विनय झाला. म्हणून हे लिहून, खाली पूर्ण नावानिशी सही करून देतेय. आत्ता ऊठ, आबांना हाताला धरून सोबत घे, भिंतीपलीकडे जा आणि तात्यांच्या पडवीत उभं राहून हे पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाच. तुला दिलेल्या शिव्या गाळू नकोस, माझी भीतीही गाळू नकोस. मध्येच थांबलास तर तेजलच्या हातात दे, ती वाचेल. वाचून झालं असेल तर इथून पुढचं मी तुमच्याशीच बोलतेय. आबा, मी तुमच्याशी खोटं बोलले, आठ महिने बोलले. तुम्ही जिवंत राहावं म्हणून पहिल्यांदा बोलले, नंतर मात्र स्वतःसाठी बोलत राहिले. गिरजाकाकू, फाईल माळ्यावरून काढा, तात्यांचे दोन सदरे आणि टॉवेल पिशवीत भरा. तात्या, तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला होतात, तुझ्या हाताला गुण हाय. माझ्या हातात साखर होती, तात्या, नुसती साखर. कायद्याला भिऊन बोलत नाही, मोठेपणाही नाकारत नाही, खरं तेच सांगतेय. उद्या सकाळी सहाला मी गाडी घेऊन तुमच्या दारात येतेय. तुम्ही आला नाहीत तर मी दारातून हलणार नाही, पण तुम्ही याल. मी मागच्या सीटवर तुमच्या शेजारी बसेन.

तुझीच ताई,
तनुजा आबाजी पानमंद
(सही माझीच आहे, कुणालाही दाखव)